आधी रूळ, मग गाव: नेब्रास्कातल्या ओळीने वसवलेल्या गावांबद्दल

प्रश्न असा आहे: अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यात लिंकनहून हेस्टिंग्जकडे हायवे 6 ने निघालं की दर दहा-पंधरा मिनिटांनी एक गाव येतं. रुळालगत धान्याचा उंच एलिव्हेटर, म्हणजे कोठार, रुळाच्या बाजूने सुरू होणारा एक रुंद बाजाररस्ता, दोन-तीन चौक विटांची दुकानं, पाण्याची टाकी, चर्च, आणि गाव संपलं. ही गावं वसवली कोणी, कशी, आणि सगळी एकाच साच्यातली का दिसतात?

मी नेब्रास्कात जमीन मोजणीच्या आणि छोट्या गावांच्या नियोजनाच्या कामात बरीच वर्षं आहे. याच गावांचे जुने नकाशे रोज हाताखाली असतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्या डोक्यात गाव म्हणजे आधी नदी, मग वस्ती, मग देऊळ, बाजार, आणि पुढे कधीतरी तिथे पोचलेली रेल्वे. इथे क्रम उलटा होता. आधी रूळ आले, रुळालगत कंपनीच्या मोजणीदाराने खुंट्या ठोकल्या, त्यांचा नकाशा काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, दप्तरात नोंदला गेला, त्यावर नाव पडलं, आणि मग त्या नावाच्या गावात राहायला माणसं शोधली गेली. गाव हा विकायचा माल होता. हे एकदा लक्षात आलं की बाकीचं सगळं आपोआप जुळत जातं.

रेल्वे कंपनी या धंद्यात का पडली, ते आपल्याकडच्या उदाहरणाने पटकन कळेल. आपल्याकडे जी.आय.पी., म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला, रेल्वे आली तेव्हा सरकारने कंपनीला भांडवलावर 5 टक्के व्याजाची हमी दिली आणि रुळांपुरती जमीन 99 वर्षांसाठी फुकट दिली. गाडी भरून धावो वा रिकामी, भागधारकाला व्याज मिळणारच. शिवाय दख्खनच्या पठारावर गावं शेकडो वर्षांची होती, माल तयार होता, माणसं तयार होती. त्यामुळे नवं गाव वसवून प्लॉट विकायची कंपनीला गरजही नव्हती आणि मुभाही नव्हती. रूळ गावापासून लांबून गेला तर स्टेशनाच्या नावापुढे ‘रोड’ लागायचं. नाशिक रोड हे ठळक उदाहरण. नाशिक होतं तिथेच राहिलं.

इथे हमी नव्हती, जमीन होती. बर्लिंग्टन अँड मिझुरी रिव्हर रेलरोड या कंपनीच्या नेब्रास्का शाखेला 1864 च्या कायद्याने रुळाच्या दर मैलामागे दोन्ही बाजूंना दहा-दहा सेक्शन (एक सेक्शन म्हणजे एक चौरस मैल) जमीन मिळाली. हिशेब लागला तो सुमारे 24 लाख एकरांचा. पण प्रेअरीवर, म्हणजे त्या गवताळ सपाटीवर, जमिनीला किंमत शून्य. गुडघाभर, काही ठिकाणी छातीभर गवत, झाड औषधालाही नाही, आणि गहू पिकवला तरी तो न्यायचा कुठे? कंपनीला जमीन विकायची तर शेतकरी हवा, शेतकरी टिकायचा तर त्याला दुकान, लोहार, लाकडाची वखार आणि धान्य चढवायला स्टेशन हवं, आणि शेतकरी टिकला तरच मालगाडीच्या वाघिणी भरणार. जमिनीच्या विक्रीतून पैसा एकदाच येतो, मालवाहतुकीचं भाडं दर हंगामाला येतं. गाव हा या दोन्हींमधला सांधा होता.

आता मोजणी, कारण माझा जीव तिथे जास्त रमतो. 1785 च्या जमीनविषयक वटहुकुमाने अमेरिकेने आपली सगळी सरकारी जमीन चौकोनांत कापायचं ठरवलं. सहा मैल लांब, सहा मैल रुंद असा एक टाउनशिप, त्याचे 36 सेक्शन, प्रत्येक सेक्शन एक चौरस मैल म्हणजे 640 एकर. सेक्शनचा चतकोर 160 एकर, आणि 1862 च्या होमस्टेड कायद्याने पाच वर्षं राहून जमीन कसणाऱ्याला द्यायचा तो हाच चतकोर. मोजणी गंटरच्या साखळीने, 66 फुटी. 80 साखळ्या म्हणजे एक मैल. मराठी वाचकाला ही साखळी परकी वाटायचं कारण नाही. आपला गुंठा 33 फूट बाय 33 फूट, म्हणजे याच साखळीच्या अर्ध्या लांबीचा चौरस, आणि असे 40 गुंठे मिळून एकर. इंग्रजांची एकच साखळी पुण्याच्या शिवारातही फिरली आणि नेब्रास्काच्या गवतातही. फरक इतकाच, की आपल्याकडे ती आधीच्या वाकड्यातिकड्या बांधांवर टाकली गेली, आणि इथे मोजणीदाराच्या लेखी बांध नव्हतेच.

लेखी नव्हते म्हटलं, कारण जमीन रिकामी नव्हती. हा पॉनी या मूळ अमेरिकन जमातीचा मुलूख. प्लॅट नदीच्या दक्षिणेकडची जमीन त्यांनी 1833 च्या तहाने सोडली होती, पण म्हशींच्या, म्हणजे बायसनच्या, शिकारीला ते नंतरही इकडे येत राहिले. याच सपाटीवर 1871-72 मध्ये गावांच्या खुंट्या पडत होत्या, आणि 1870 चं दशक अर्ध्यावर येईपर्यंत पॉनी नेब्रास्का सोडून आजच्या ओक्लाहोमात गेले होते. ‘पहिला रहिवासी’ म्हणून गावोगावी ज्यांच्या पाट्या आहेत, त्यांच्या तारखा या तारखांशेजारी ठेवून वाचाव्यात.

सेक्शनांपैकी विषम आकड्यांचे रेल्वेला, सम आकड्यांचे सरकारकडे. नकाशा बुद्धिबळाच्या पटासारखा. आणि सरकार काही खुळं नव्हतं. रेल्वेच्या पट्ट्यातल्या आपल्या सम सेक्शनांचा दर त्याने एकरी सव्वा डॉलरवरून अडीच डॉलर केला. अर्धी जमीन दान करायची आणि उरलेल्या अर्धीच्या दुप्पट भावातून ती भरून काढायची, असा मूळ हिशेब. तो कितपत जमला, ते वेगळं प्रकरण.

गावाची जागा ठरवताना तीन गोष्टी पाहिल्या जायच्या. पहिली, बैलगाडी किंवा घोड्यांच्या गाडीचं अंतर. शेतकऱ्याने सकाळी धान्य भरून निघावं, एलिव्हेटरवर तोलून रिकामं करावं, सामान घ्यावं आणि दिवे लागायच्या आत घरी पोचावं, असा पल्ला म्हणजे गावाच्या दोन्ही अंगांना पाच-सहा मैल, फार तर आठ. त्यावरून दोन गावांमधलं अंतर साधारण सहा ते दहा मैल. आज तुम्हाला गाडीतून जे दर दहा-पंधरा मिनिटांनी जाणवतं, ते घोड्याच्या चालीचं माप आहे. दुसरी गोष्ट इंजिनाची. वाफेच्या इंजिनाला पाणी लागतं, आणि भरलेली मालगाडी चढावर थांबवली तर पुन्हा हलवणं जिवावर येतं. म्हणून स्टेशन सपाटीवर, जवळ विहीर खोदता येईल अशा ठिकाणी. तिसरी, आणि खरं सांगायचं तर निर्णायक, गोष्ट म्हणजे त्या जागेची मालकी. गावची जमीन कंपनीच्या किंवा तिच्या माणसांच्या हातात असली पाहिजे. नाहीतर स्टेशन बांधायचं आपण आणि प्लॉटचे पैसे घ्यायचे कुणा भलत्याच शेतकऱ्याने, हे कुठल्या कंपनीला रुचेल?

‘तिच्या माणसांच्या’ हे मुद्दाम लिहिलं. पुष्कळदा गावं कंपनी थेट आखत नसे. रेल्वेतलेच अधिकारी आणि संचालक मिळून वेगळी जमीन कंपनी काढत. याची वाट 1850 च्या दशकात इलिनॉय सेंट्रलने घालून दिली. सरकारी जमिनीच्या दानावर उभी राहिलेली ती पहिली मोठी रेल्वे. तिने स्टेशनांपाशी स्वतः गावं आखू नयेत असं सनदेतच बजावलेलं होतं, तर तिच्या काही संचालकांनी वेगळा गट करून तेच काम केलं, आणि तीसेक गावांसाठी जवळजवळ एकच नकाशा वापरला. रस्त्यांची नावंसुद्धा तीच. कँकाकी त्यातलंच. बर्लिंग्टनच्या वर्तुळात आधी ईस्टर्न लँड असोसिएशन होती आणि 1880 पासून लिंकन लँड कंपनी. स्टेशन कुठे होणार हे ज्यांनी ठरवायचं, तेच शेजारची जमीन आधी घेऊन ठेवणार. आजच्या भाषेत याला काय म्हणतात ते वाचकांना सांगायला नको. नव्या विमानतळाची किंवा महामार्गाची बातमी फुटण्याआधी कोणाचे सात-बारे कसे बदलतात, हे आपण पाहतोच की.

आता तुमच्या वाटेवरच्या गावांकडे येऊ. बर्लिंग्टनचा रूळ मिझुरी नदीकाठच्या प्लॅट्समथहून निघाला, 1870 च्या जुलैत लिंकनला पोचला, आणि 1872 च्या सप्टेंबरात कर्नीपाशी युनियन पॅसिफिक रेल्वेला जाऊन मिळाला. या टप्प्याचा मुख्य इंजिनिअर होता टॉमस डोन. माणूस मॅसॅच्युसेट्सचा, आणि तिथल्या हूसॅक बोगद्याच्या कामाने नावाजलेला. लिंकनच्या पश्चिमेला स्टेशनांना नावं देताना त्याने सरळ इंग्रजी वर्णमाला धरली, आणि नावं बरीचशी आपल्या न्यू इंग्लंडमधून उचलली. क्रीट, डॉर्चेस्टर, एक्झिटर, फेअरमाँट, ग्राफ्टन, हार्वर्ड, इनलँड, जुनियाटा, केनेसॉ, लोवेल. सी-डी-ई-एफ पासून एल पर्यंत. क्रीटमध्ये 1872 साली निघालेलं कॉलेज आजही त्याचं आडनाव लावतं.

ही खोड एकट्या बर्लिंग्टनची नव्हे. कॅनडात ग्रँड ट्रंक पॅसिफिकने सस्कॅचेवानमध्ये हेच केलं. फेनवुड, गुडीव्ह, हबर्ड, इटुना, जॅस्मिन, केलिहर असं करत झेल्मापर्यंत जायचं आणि पुन्हा ए पासून अ‍ॅलन, ब्रॅडवेल, क्लॅव्हेट. उत्तर डकोटात ग्रेट नॉर्दर्नने इंग्लंडचा नकाशा समोर ठेवून रग्बी, लीड्स, यॉर्क, सरी अशी नावं वाटली. गावात अजून एकही चूल पेटलेली नाही, तर नाव लोकांना विचारून ठेवणार तरी कसं? बिस्मार्कची गंमत याहून पुढची. 1872 मध्ये नॉर्दर्न पॅसिफिकने आपल्या माजी मुख्य इंजिनिअरच्या नावावरून त्या गावाला एडविन्टन म्हटलं, आणि वर्षभरात नाव बदलून बिस्मार्क केलं. का, तर जर्मनीतून पैसा आणि माणसं यावीत म्हणून.

पण बर्लिंग्टनच्या वर्णमालेत खरं पाहायचं ते तिच्यातले अडथळे. डॉर्चेस्टर आणि एक्झिटरच्या मध्ये फ्रेंड नावाचं गाव लागतं. ग्राफ्टन आणि हार्वर्डच्या मध्ये सटन. इनलँड आणि जुनियाटाच्या मध्ये हेस्टिंग्ज. यांतलं एकही क्रमात बसत नाही. मी नवशिक्या सहकाऱ्यांना सांगतो, अक्षर चुकलं की थांबा, तिथे कंपनीव्यतिरिक्त कुणाचा तरी हात आहे. फ्रेंड हे चार्ल्स फ्रेंड नावाच्या माणसाचं गाव, जागेचा मूळ मालकच तो. सटन हे ल्यूथर फ्रेंच याने 1871 मध्ये आपल्याच होमस्टेडच्या जमिनीवर आखलेलं. कंपनीच्या यादीत नसलेल्या गावांना स्टेशन सुखासुखी मिळत नसे, पण गावात धंदा दिसू लागला की गाडी थांबवावीच लागे. आणि सटन टिकलं ते जोमाने. 1873 पासून तिथे रशियातून जर्मन शेतकरी येऊ लागले. त्यांचे पूर्वज पिढ्यांपूर्वी काळ्या समुद्राकाठी जाऊन वसलेले, झारने सैन्यभरतीतली सूट काढून घेतल्यावर ते पुन्हा निघाले. गवताळ सपाटीवर गहू कसा काढायचा हे त्यांना शिकवावं लागलं नाही.

गाव विकायचं म्हणजे नेमकं काय करायचं? आधी लेआउट. बाजाररस्त्यावरचे प्लॉट अरुंद आणि खोल, बहुधा 25 फूट रुंद. राहायचे प्लॉट त्याच्या दुप्पट रुंदीचे. तुम्हाला दिसणाऱ्या विटांच्या दुकानांच्या दर्शनी भिंती अजून त्याच पंचवीस फुटांच्या पट्टीत आहेत. एखादं दुकान दुप्पट रुंद दिसलं तर समजा, बँकेने किंवा हॉटेलवाल्याने दोन प्लॉट घेतले होते. कोपऱ्याचा प्लॉट सगळ्यांत महाग. चर्च आणि शाळेला जागा पुष्कळदा फुकट, कारण चर्च आलं की कुटुंबं येतात, आणि कुटुंब आलं की माणूस पुढच्या गावाला पळत नाही. रुळालगतची पट्टी मात्र कंपनी विकत नसे. एलिव्हेटर, लाकडाची वखार, कोळशाची कोठी या सगळ्यांना ती भाड्याने देई. धान्य ज्या दारातून जाणार, त्या दाराची किल्ली आपल्याकडेच ठेवायची. यावरून पुढे शेतकरी आणि रेल्वे यांच्यात भांडणं पेटली, तो स्वतंत्र विषय आहे.

रस्ते रुळाला समांतर आणि काटकोनात आखत, दिशा पाहून नव्हे. रूळ तिरका असेल तर गावही तिरकं. नंतर गाव वाढलं, शेजारच्या शेतकऱ्याने आपल्या सेक्शनच्या रेषेला धरून प्लॉट पाडले की दोन जाळ्या एकमेकींना वाकड्या भेटतात. एखाद्या छोट्या गावात रस्ता मध्येच विनाकारण मुरडलेला दिसला, की मुरडीच्या एका बाजूला रेल्वेचं गाव आणि दुसऱ्या बाजूला नंतरचं. तिथले कोपरे मोजताना आमचा जीव मेटाकुटीला येतो. तिकोनी तुकडे उरतात, आणि ते कुणाचे हे दोन्ही नकाशे सांगत नाहीत.

पहिल्या वर्षातलं गाव डोळ्यांसमोर आणायचं तर शेतात उभ्या दहा-पंधरा लाकडी खोक्यांचं आणा. झाडं नाहीत, त्यामुळे फळी न् फळी रेल्वेने यायची. म्हणून लाकडाची वखार पहिल्या दुकानांत. शेतकरी बाहेर गवताच्या मुळांसकट कापलेल्या मातीच्या चौकोनांची घरं बांधून राहत, गावात मात्र फळीचं घर हवं. दुकानाची इमारत एकमजली, छप्पर उतरतं, पण समोरची भिंत उंच, सपाट आणि रंगवलेली, म्हणजे रस्त्यावरून पाहणाऱ्याला दुमजली वाटावी. डेपोत स्टेशन एजंट, तोच तारमास्तर, पुष्कळदा कुटुंबासह त्याच इमारतीत राहणारा. बाहेरची बातमी, धान्याचा भाव, वधूचं सामान, शवपेटी, सगळं त्याच्या हातून जाई. आणि वाचून नवल वाटेल, पण वीस-तीस घरांच्या गावातही वर्तमानपत्र निघे. संपादकाला वाचकांची फारशी चिंता नसे. होमस्टेडचा हक्क पक्का करताना दावेदाराला तशी जाहीर नोटीस छापावी लागे, 1879 पासून ते कायद्यानेच बंधनकारक झालं. या नोटिशींच्या पैशांवर छापखाने चालले. उरलेल्या जागेत संपादक आपल्या गावाची आरती ओवाळायचा आणि शेजारच्या गावाला शिव्या घालायचा.

गिऱ्हाईक आणण्यात बर्लिंग्टनची जाहिरात जोरदार होती. 1872 च्या तिच्या गाजलेल्या भित्तीपत्रकावर ‘लाखो एकर’ अशी ठळक अक्षरं होती, दहा वर्षांची उधारी, 6 टक्के व्याज. युरोपात माणसं पाठवली, अनेक भाषांत पत्रकं काढली. 1874 मध्ये रशियातून आलेल्या मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या कुटुंबांना आजच्या हेंडरसनजवळ उतरण्यासाठी कंपनीने मोठी निवाराशेड बांधून दिली, कारण हिवाळ्याच्या तोंडावर गवतात सोडलेली माणसं वसंत ऋतूत कर्ज फेडायला उरत नाहीत. त्याच 1874 च्या उन्हाळ्यात टोळधाडीने मका खुंटापर्यंत खाल्ला. 1873 च्या आर्थिक मंदीचा फटका होताच. पुष्कळ लोक परत पूर्वेला गेले. तरीही नेब्रास्काची लोकसंख्या 1870 मधल्या 1,22,993 वरून 1880 मध्ये 4,52,402 झाली.

आता या सगळ्या योजनेला तडा कुठे गेला ते पाहा. अ‍ॅडम्स काउंटीत कंपनीची पसंती जुनियाटाला. काउंटीचं मुख्य ठिकाणही तेच. पण 1872 मध्ये सेंट जोसेफ अँड डेन्व्हर सिटी ही दुसरी रेल्वे दक्षिणेकडून आली आणि तिने बर्लिंग्टनचा रूळ जुनियाटाच्या पूर्वेला सहा-सात मैलांवर गाठला. त्या फाट्यावर हेस्टिंग्ज उभं राहिलं, नाव दुसऱ्या रेल्वेच्या माणसाचं. दोन रेल्वे म्हणजे मालवाहतुकीचे दोन भाव. व्यापाऱ्याला दुसरं काय हवं? काही वर्षं रस्सीखेच चालली आणि 1878 मध्ये काउंटीचं मुख्य ठिकाण हेस्टिंग्जला गेलं. मुख्य ठिकाण गेलं म्हणजे कोर्ट, दप्तर, वकील, हॉटेल, जमिनीचे व्यवहार, सगळं गेलं. आज हेस्टिंग्ज पंचवीस हजारांचं शहर आहे आणि जुनियाटा हजाराच्या आतलं गाव. म्हणून कोणी मला विचारलं की गाव कशाने तगतं, तर माझं उत्तर ठरलेलं आहे: पहिलं, दोन रुळांचा फाटा. दुसरं, काउंटीचं कोर्ट. तिसरं, इंजिन आणि गाडीवरच्या रेल्वे कामगारांची पाळी बदलायचं ठिकाण, जसं 1882 मध्ये वसलेलं मॅककुक. यांतलं काहीच नसेल तर नशीब आणि शेजारच्या गावाचा मूर्खपणा.

लोवेलची कथा वर्णमालेच्या शेवटाला साजेशी आहे. रूळ तिथवर पोचले, सरकारी जमीन कचेरी तिथे आली, दावे नोंदवायला झुंबड उडाली, हॉटेलं भरली. 1874 मध्ये कचेरी ब्लूमिंग्टनला हलली आणि गर्दी तिच्यामागे गेली. 1878 पर्यंत काउंटीचं मुख्य ठिकाणही मिंडेनला गेलं. आज लोवेलला गाव म्हणणंही जिवावर येतं. इनलँडची गत फारशी वेगळी नाही.

आणि रूळ ज्यांना चुकवून गेला त्यांचं काय? नाशिकसारखं जुनं शहर स्टेशनापर्यंत टांगा करेल. दहा वर्षांच्या प्रेअरी गावाला तेवढी मुळं नसतात. फेल्प्स काउंटीचं मुख्य ठिकाण होतं फेल्प्स सेंटर. 1883 मध्ये बर्लिंग्टनचा नवा फाटा काही मैलांवरून गेला आणि लिंकन लँड कंपनीने तिथे होल्ड्रेज वसवलं. फेल्प्स सेंटरच्या लोकांनी दुकानं आणि घरं उचलली आणि होल्ड्रेजला नेली. उचलली म्हणजे शब्दशः. घर हलक्या चौकटीचं, खाली पक्का पाया नाही. स्क्रू जॅकने ते इंचाइंचाने वर करायचं, खाली लांब ओंडके सरकवायचे, घोडे जुंपायचे आणि सपाटीवरून ओढत न्यायचं. काउंटीचं मुख्य ठिकाणही मागोमाग गेलं. माणसांनी गाव सोडलं नाही, गावाने जागा सोडली.

आजचं सांगतो आणि थांबतो, कारण तुमच्या प्रश्नात ‘अजून ही गावं तगून कशी’ हेही दडलेलं आहे. तगण्याचं माप बदललंय. घोड्याचं अंतर 1920-30 च्या दशकांत मोटारट्रकने मोडलं, तेव्हाच दर आठ मैलांवरच्या गावाची गरज संपली होती. आता त्याच रुळांवरून बी.एन.एस.एफ. या बर्लिंग्टनच्या वारस रेल्वेच्या लांबलचक कोळशाच्या गाड्या जातात, आणि रात्री अ‍ॅमट्रॅकची कॅलिफोर्निया झेफिर ही प्रवासी गाडी. ती लिंकननंतर थांबते ती थेट हेस्टिंग्जला, मग होल्ड्रेज, मग मॅककुक. धान्य आता शंभर-एकशेदहा डबे एकदम भरणाऱ्या गाड्यांतून जातं. तेवढी गाडी रूळ न अडवता उभी करायला वळसा घालणारं लांब सायडिंग, म्हणजे बाजूचा रूळ, लागतं, आणि ते प्रत्येक गावाला परवडत नाही. त्यामुळे जिथे असं सायडिंग आहे तिथे वीस-तीस मैलांवरून ट्रक येतात आणि बाकीच्या गावांतले एलिव्हेटर साठवणीपुरते उरतात.

पुढच्या वेळी या वाटेने जाल तर आंतरराज्य महामार्ग 80 टाळाच. तो या गावांच्या बराच उत्तरेकडून जातो. हायवे 6 धरा, अक्षरं मोजत जा. सटनला थांबा, जेवायला बरं मिळतं. आणि वेळ असेल तर कुठल्याही काउंटीच्या कोर्टहाउसमध्ये रजिस्टर ऑफ डीड्सच्या, म्हणजे जमिनीचे दस्त नोंदणाऱ्या अधिकाऱ्याच्या, खिडकीवर गावाचा मूळ प्लॅट, म्हणजे आखणीचा नकाशा, मागा. सार्वजनिक दस्त आहे, कोणालाही दाखवतात, कारण विचारत नाहीत. त्यावर सही कोणाची आहे ते आधी पाहा, एखाद्या जमीन कंपनीची की एकट्या शेतकऱ्याची. मग बाहेर येऊन बाजाररस्ता बघा.